पॉलिग्राफची खुर्ची आणि सालदाराची संमती

तालुक्यातल्या एखाद्या गावात खून किंवा मोठी घरफोडी होते, महिना-दीड महिना उलटतो, अटक कुणालाच होत नाही. मग तहसीलवर मोर्चा जातो, आमदार ठाणेदाराला फोन करतात आणि चार दिवसांत जिल्ह्याच्या पानावर बातमी येते : संशयितांची पॉलिग्राफ चाचणी होणार. गावाला हायसे वाटते. माणसे खोटे बोलतील, यंत्र बोलणार नाही, असा सरळ विश्वास त्यामागे असतो. ज्यांना त्या खुर्चीवर बसवले जाते ते बहुतेक वेळा सालदार (वर्षाच्या करारावर राबणारे शेतगडी), शेतमजूर, पारधी बेड्यावरची म्हणजे वस्तीवरची माणसे, मृताच्या घरातली सून किंवा धाकटा भाऊ असतात. माझे म्हणणे स्पष्ट आहे. ग्रामीण विदर्भात तपास अडला म्हणून पोलिसांनी पॉलिग्राफचा प्रस्ताव ठेवण्याची ही रीत बंद झाली पाहिजे. आरोपीने स्वतःच्या वकिलामार्फत स्वतः मागणी केली, तरच ती चाचणी व्हावी. शास्त्र, कायदा आणि इथल्या माणसांची परिस्थिती या तिन्ही बाजूंनी पाहिले तरी मला दुसरा निष्कर्ष काढता येत नाही.

आधी यंत्र पाहू. छातीभोवती एक आणि पोटाभोवती एक अशा दोन लवचीक नळ्या बांधतात, त्या श्वासाची लय नोंदवतात. दंडावर रक्तदाब मोजतात तसाच पट्टा असतो. तो साधारण साठ-सत्तर मिलिमीटर दाबापर्यंत फुगवून ठेवतात, म्हणजे नाडीचे ठोके आणि दाबातले चढउतार दिसतात. बोटांना दोन इलेक्ट्रोड लावतात. घामाच्या ग्रंथी थोड्या जरी जाग्या झाल्या तरी त्वचेतून वीज जास्त सहज वाहते, ते इथे टिपले जाते. खुर्चीत हालचाल ओळखणारी गादीही असते. यंत्राचा भाग इथे संपतो. खोटे बोलताना शरीरात एखादी खास लाट उठते आणि खरे बोलताना उठत नाही, असे काही मानवी शरीरात सापडलेले नाही. भीती, राग, लाज, अपमान, अचानक आठवलेला मृताचा चेहरा, या सगळ्यांनी तोच घाम फुटतो आणि तीच नाडी वाढते.

म्हणून खरा खेळ प्रश्नांच्या रचनेत असतो. चाचणीआधी तासभर, कधी त्याहून जास्त, नुसते बोलणे होते. सगळे प्रश्न आधीच वाचून दाखवतात. मग एक प्रात्यक्षिक असते : माणसाला एक आकडा निवडायला सांगून त्याबद्दल मुद्दाम खोटे बोलायला लावतात आणि ‘पाहा, यंत्राने पकडले’ असे दाखवतात. हेतू एवढाच की यंत्रापुढे काही लपत नाही हे त्याच्या मनावर ठसावे. त्यानंतर प्रत्यक्ष नोंद. एका फेरीत दहाएक प्रश्न, दोन प्रश्नांमध्ये वीस-तीस सेकंदांचे अंतर. पट्टा फुगलेला असल्याने चार-पाच मिनिटांत हात बधिर होऊ लागतो, त्यामुळे फेरी त्याहून लांबवता येत नाही. अशा किमान तीन फेऱ्या होतात.

सर्वात जास्त वापरली जाणारी पद्धत तुलनेच्या प्रश्नांची. ‘रामनवमीच्या रात्री त्या घरातले दागिने तू घेतलेस का?’ हा मुद्द्याचा प्रश्न. त्याच्या शेजारी दुसरा ठेवतात : ‘तुझ्यावर विश्वास ठेवणाऱ्याला तू आयुष्यात कधी फसवले आहेस का?’ तर्क असा की निर्दोष माणसाला पहिल्या प्रश्नाची काळजी नसते, दुसऱ्याने तो चपापतो. गुन्हेगाराचे उलट होते. प्रत्येक जोडीला उणे तीन ते अधिक तीन गुण देतात, तिन्ही फेऱ्यांची बेरीज करतात. प्रचलित पद्धतीत बेरीज अधिक सहा किंवा त्याहून वर गेली तर ‘खरे’, उणे सहा किंवा त्याखाली गेली तर ‘खोटे’, मधले सगळे ‘अनिर्णित’.

हा तर्क निर्दोष माणसापाशीच कोसळतो. फासावर नेणारा प्रश्न कोणता आणि नुसता नैतिक टोचणीचा कोणता, हे अडाणी माणसालाही कळते. ज्या सालदाराला तीन दिवस ठाण्याच्या व्हरांड्यात बसवून ठेवले आहे, त्याचे काळीज ‘दागिने’ हा शब्द ऐकताच धडधडणार. तुलनेच्या प्रश्नाचे मात्र इथे भलतेच होते. ‘कुणाची वस्तू न विचारता कधी घेतली का?’ असे विचारल्यावर शहरी माणूस अस्वस्थ होईलही. ज्या गावात कुणाच्याही वावरातून मूठभर हरभरा उपटून खाणे ही चोरी समजली जात नाही, तिथे त्या प्रश्नाने घाम फुटत नाही. म्हणजे निर्दोष माणसाचा मुद्द्याच्या प्रश्नावरचा आलेख उंच, तुलनेचा सपाट, आणि बेरीज उणे. फासेपारध्यांचे तर विचारूच नका. १८७१ मध्ये सुरू झालेल्या गुन्हेगार जमाती कायद्याने त्यांच्यावर जन्मजात गुन्हेगाराचा शिक्का मारला. तो कायदा १९५२ मध्ये गेला, तरी चोरी झाली की आधी बेड्यावर गाडी जाण्याची सवय गेली नाही. ज्याच्या आज्याला, बापाला आणि त्याला स्वतःलाही न केलेल्या चोरीसाठी उचलून नेले आहे, त्याच्या शरीराने ‘चोरी’ या शब्दाला प्रतिसाद दिला तर तो अपराधाचा पुरावा कसा?

चाचणीच्या बाजूने एक उत्तर नेहमी दिले जाते : माणसाची तुलना त्याच्या स्वतःशीच होते, त्यामुळे तो मुळात घाबरट असला तरी फरक पडत नाही. अर्धे उत्तर बरोबर आहे. मूळ पातळी उंच असल्याने बिघडत नाही. पण प्रतिसादच नीट उमटत नसेल, किंवा प्रश्नाशी संबंध नसलेल्या कारणाने उमटत असेल, तर तुलना कशाची करणार? आणि इथली शरीरे या बाबतीत अवघड आहेत.

गुणांकनात सर्वाधिक भार बोटांच्या घामाच्या आलेखावर असतो. इलेक्ट्रोड लावताना घट्टे, कापलेल्या जागा आणि जखमा टाळायच्या हा मूलभूत नियम आहे, कारण जाड मेलेल्या कातडीतून वीज नीट वाहत नाही. कपाशी वेचणाऱ्या, निंदण-खुरपण करणाऱ्या, विळा धरणाऱ्या हाताची अशी बोटे शोधून दाखवा. तो आलेख सपाट आला की सगळा निर्णय श्वास आणि नाडीवर येतो. नाडीचे काय? विदर्भात खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचे मिश्रण, न खाणारा मजूर शोधावा लागतो. तंबाखूतले निकोटीन नाडी वाढवते. सवयीच्या माणसाला तीन तास खर्रा मिळाला नाही तर तो बेचैन होतो, श्वासाची लय बदलते, चाळवाचाळव सुरू होते. तज्ज्ञाच्या कागदावर मात्र ‘असहकार’ किंवा ‘मुद्दाम केलेली हालचाल’ अशी नोंद पडू शकते. रक्त कमी असलेल्या माणसाची, सिकलसेलच्या रुग्णाची नाडी बसल्या जागीही जलद असते. रक्तदाबाच्या काही गोळ्या उलट नाडीला चढूच देत नाहीत.

फवारणीचा हंगाम ही आणखी एक गोष्ट. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकांच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजुरांचे बळी गेले, ते सर्वांना आठवते. कपाशीवर मारली जाणारी बरीच औषधे सेंद्रिय फॉस्फरस गटातली असतात. ती शरीरातले कोलिनएस्टरेज हे विकर बंद पाडतात, आणि घामाच्या ग्रंथींना जाणारा संदेश ज्या रसायनातून जातो त्याचाच निचरा या विकराने होत असतो. आठवडाभर फवारणी करून आलेल्या माणसाचा घाम आणि नाडी भावनेऐवजी औषधाने हलत असू शकते. चाचणीआधी त्याच्या रक्तातले कोलिनएस्टरेज तपासायला हवे. ‘तू कोणत्या गोळ्या घेतोस’ एवढ्या तोंडी प्रश्नावर वैद्यकीय योग्यता ठरवून हे कळणार नाही.

भाषेचा अडथळा याहून मोठा आहे. मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत माडिया आणि गोंडी, यवतमाळच्या दक्षिणेकडे कोलामी बोलणारी माणसे आहेत. प्रश्न मराठीत किंवा हिंदीत, आणि मध्ये दुभाषा. घामाचा प्रतिसाद प्रश्नानंतर साधारण एक ते तीन-चार सेकंदांत सुरू होतो. मराठी प्रश्न संपला तेव्हा माणसाला अर्धवट कळले, दुभाष्याने पुन्हा सांगितले तेव्हा पूर्ण कळले. मग आलेखावर उठलेला उंचवटा कोणत्या क्षणाचा? शिवाय भाषांतरात प्रश्न सहज नकारार्थी होतो. ‘तू तिथे नव्हतास ना?’ याला एक माणूस ‘हो’ म्हणेल, दुसरा ‘नाही’, आणि दोघांचा अर्थ एकच असेल. हो किंवा नाही यावरच उभ्या असलेल्या चाचणीत ही चूक सुधारता येत नाही. आणि दुभाषा म्हणून त्याच ठाण्यातला शिपाई बसला असेल, तर पुढचे बोलायलाच नको.

आता आकडे. अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने २००३ मध्ये पॉलिग्राफवर सविस्तर अहवाल प्रसिद्ध केला. त्यातले एक उदाहरण प्रत्येक ठाणेदाराने वाचावे असे आहे. दहा हजार कर्मचाऱ्यांत दहा हेर आहेत असे समजा. चाचणीची कसोटी इतकी कडक ठेवली की दहापैकी आठ हेर सापडतील, तर त्यांच्याबरोबर सुमारे सोळाशे प्रामाणिक माणसेही दोषी ठरतात. कसोटी सैल करून निरपराधांची संख्या चाळिसाच्या आत आणली, तर दहापैकी आठ हेर निर्धास्त सुटतात. आपल्या गावापुरते गणित करू. घरफोडीच्या संशयावरून तीस जणांची चाचणी घेतली, त्यात चोर एकच आहे, आणि चाचणी शंभरात पंच्याऐंशी वेळा बरोबर येते असे उदारपणे धरले. उरलेल्या एकोणतीस निर्दोषांपैकी चार-पाच जण ‘खोटे’ ठरतील. चोर सापडला तरी नापास झालेल्या पाच-सहांमधला तो एक असेल, आणि कोणता हे यंत्र सांगणार नाही. गाव मात्र त्या पाच-सहांनाही चोरच समजेल. जादूटोण्याच्या संशयावरून माणसांना खांबाला बांधून मारल्याच्या घटना चंद्रपूर-गडचिरोलीत या शतकातही घडल्या आहेत. अशा मुलखात ‘यंत्राने पकडले’ ही अफवा किती लांब जाऊ शकते हे वेगळे सांगायला नको.

उलट बाजूही तितकीच वाईट आहे. अमेरिकेत ग्रीन रिव्हर परिसरात डझनावारी स्त्रियांचे खून करणारा गॅरी रिजवे १९८४ मध्ये पॉलिग्राफ पास झाला. तो पकडला गेला २००१ मध्ये, डीएनएमुळे. सीआयएमधला हेर आल्ड्रिच एम्स १९८६ आणि १९९१ अशा दोन्ही चाचण्यांतून सुटला. निर्ढावलेल्या माणसाला तुलनेच्या प्रश्नावर जीभ चावून किंवा मनात उलटे आकडे मोजून आलेख चढवता येतो. गरीब घाबरलेला माणूस अडकतो आणि सराईत सुटतो, अशी ही दुहेरी उलटापालट आहे.

एक पद्धत मात्र शास्त्रीयदृष्ट्या बरी आहे, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डेव्हिड लायकेन यांनी १९५९ मध्ये ती मांडली. तिच्यात ‘तू केलेस का’ असे विचारतच नाहीत. हत्यार कुऱ्हाड होती, विळा, सब्बल, दगड की दोर, असे पर्याय एकामागून एक वाचतात. ज्याला खरे माहीत आहे त्याचेच शरीर नेमक्या पर्यायावर दचकते. पाच पर्यायांचे पाच प्रश्न असतील, तर काहीच माहीत नसलेल्या माणसाचा पाचही वेळा नेमक्या पर्यायावरच सर्वांत मोठा प्रतिसाद येण्याची शक्यता ३,१२५ मध्ये एक. निर्दोषाला इतके संरक्षण दुसऱ्या कोणत्याच पद्धतीत नाही. पण तिची एक अट आहे : तो तपशील फक्त गुन्हेगाराला आणि तपास अधिकाऱ्याला माहीत असला पाहिजे. आपल्या गावांत प्रेत सापडल्यावर पोलीस पोहोचेपर्यंत दोनशे माणसे बघून गेलेली असतात. पंचनाम्याचे पंच संध्याकाळी चहाच्या टपरीवर सगळे सांगतात. फोटो व्हॉट्सॲपवर फिरतात. दुसऱ्या दिवशी हत्यार, जखमेची जागा, पिशवीचा रंग शाळकरी पोरांनाही ठाऊक असतो. मग ही चाचणी कुणावर घेणार? ती वापरायची असेल तर पहिल्या तासातच दहा-बारा तपशील निवडून सीलबंद नोंदवायला हवेत, आणि तेवढी शिस्त असलेल्या तपासाला बहुधा पॉलिग्राफची गरजच पडत नाही.

न्यायालयांना हे नवे नाही. १९२३ मध्येच अमेरिकेतल्या फ्राय खटल्यात रक्तदाबावर आधारलेली खोटे ओळखण्याची चाचणी पुरावा म्हणून नाकारली गेली, कारण तिला शास्त्रज्ञांची सर्वसाधारण मान्यता नव्हती. आपल्याकडे मात्र २००४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रामचंद्र रेड्डी प्रकरणात अशा चाचण्यांना हिरवा कंदील दिला होता. २००८ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका खून खटल्यात दोषी ठरवताना ब्रेन मॅपिंगच्या (मेंदूतल्या विद्युत लहरींच्या चाचणीच्या) अहवालाचाही आधार घेतला. त्यानंतर ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या निकालात चित्र पालटले. सक्तीने घेतलेली नार्को (गुंगीचे औषध देऊन केलेली चौकशी), पॉलिग्राफ किंवा ब्रेन मॅपिंग चाचणी राज्यघटनेच्या कलम २०(३) आणि २१ चा भंग करते, असे त्या खंडपीठाने सांगितले. स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती नसणे हा हक्क कोर्टात उभे राहिल्यावर सुरू होत नाही, ठाण्यातल्या चौकशीपासून तो लागू असतो, आणि संशयितालाही मिळतो.

त्याच निकालातला पुढचा भाग ठाण्यांमध्ये सोयीस्कर अर्थाने वाचला जातो. संमतीने घेतलेल्या चाचणीचा निष्कर्षही स्वतःहून पुरावा ठरत नाही, कारण शरीराच्या प्रतिसादांवर माणसाचा जाणीवपूर्वक ताबा नसतो. एवढे झाल्यावर एक फट उरते : स्वेच्छेने दिलेल्या चाचणीतल्या माहितीवरून पुढे एखादी वस्तू सापडली, तर जुन्या पुरावा कायद्याच्या कलम २७ नुसार ती ग्राह्य धरता येते. १ जुलै २०२४ पासून ही तरतूद भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम २३ च्या परंतुकात आहे. म्हणजे आलेख कोर्टात जात नाही, पण आलेख दाखवून ‘तू नापास झालास, आता सांगून टाक’ असे म्हणत काढलेले निवेदन आणि त्यानंतरचा जप्ती पंचनामा कोर्टात जातो. चाचणीचा खरा उपयोग तिथे होतो. तो पुराव्याचा मार्ग नसून कबुली काढण्याचा मार्ग आहे, आणि म्हणून सगळा भार ‘संमती’ या एका गोष्टीवर येतो.

संमतीसाठी राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २००० मध्ये नियम घालून दिले आणि सेल्वी निकालाने ते बंधनकारक केले. चाचणी द्यायची की नाही हे माणसाने ठरवायचे. तयार झाला तर त्याला वकील मिळाला पाहिजे, आणि चाचणीचे शारीरिक, मानसिक व कायदेशीर परिणाम पोलीस व वकील दोघांनी समजावले पाहिजेत. संमती न्यायदंडाधिकाऱ्यासमोर नोंदवायची, तेव्हाही वकील हजर हवा. दिलेले निवेदन कबुलीजबाब ठरणार नाही, पोलिसांपुढच्या जबाबाइतकीच त्याची किंमत असेल, हे स्पष्ट सांगायचे. माणूस किती दिवस कोठडीत आहे आणि त्याची चौकशी कशी झाली, हे न्यायदंडाधिकाऱ्याने पाहायचे. प्रत्यक्ष नोंद रुग्णालयासारख्या स्वतंत्र यंत्रणेने वकिलाच्या उपस्थितीत करायची. इथे महाराष्ट्रात पहिलीच अडचण आहे : न्यायसहायक (फॉरेन्सिक) प्रयोगशाळा गृह विभागाच्या अखत्यारीत येतात, आणि पोलीसही त्याच विभागाचे. ९ जून २०२५ रोजी अमलेश कुमार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा बजावले की सक्तीची नार्को चालणार नाही, जामिनाच्या सुनावणीत सर्व आरोपींच्या चाचण्यांचे आश्वासन मान्य करणे चूक आहे, आणि स्वेच्छेने दिलेल्या चाचणीचा अहवाल हा शिक्षेचा एकमेव आधार होऊ शकत नाही.

कागदावर हे भक्कम आहे. पण सालदाराची संमती म्हणजे काय ते जमिनीवर उतरून पाहा. वर्षाचे साल ठरलेले, त्यातली उचल आधीच घेतलेली, पोरीच्या लग्नाला मालकाने पैसे दिलेले. चोरी मालकाच्याच घरात झाली आहे. पोलीस पाटील आणि मालक एकाच पंगतीला बसतात. ठाणेदार म्हणतात, ‘तू काही केलं नाहीस ना? मग भ्यायचं कशाला? दे चाचणी.’ नाही म्हटले तर मालक समजतो यानेच केले, गाव समजते यानेच केले. कायद्यात नकाराला किंवा मौनाला अपराधाचे लक्षण मानता येत नाही, पण गावात ते मानले जाते, आणि त्याला राहायचे आहे गावात. छापील फॉर्मवर अंगठा उठतो.

पोलीस ठाण्यातली संमती या प्रश्नाने एकदा सगळा देश हलला होता, आणि ते ठाणे विदर्भातलेच होते. मार्च १९७२ मध्ये देसाईगंज ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांनी अत्याचार केल्याचा खटला उभा राहिला. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सांगितले की असहायपणे शरण जाणे म्हणजे संमती नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला, कारण तिच्या अंगावर प्रतिकाराच्या खुणा नव्हत्या. त्यावर १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या कायद्याच्या अध्यापकांनी खुले पत्र लिहिले, देशभर आंदोलन झाले, आणि १९८३ मध्ये कायदा बदलला : ताब्यातल्या स्त्रीने संमती नव्हती असे सांगितले, तर न्यायालयाने तसेच गृहीत धरायचे. तो गुन्हा वेगळा, त्याची जखम वेगळी, दोन्हींची बरोबरी मी करत नाही. पण त्यातून कायद्याने स्वीकारलेले तत्त्व इथे जसेच्या तसे लागू व्हायला हवे. ताब्यातल्या माणसाने पॉलिग्राफला दिलेली संमती मुक्त नव्हती असेच आधी गृहीत धरावे, आणि ती मुक्त होती हे सिद्ध करण्याचा भार पोलिसांवर टाकावा.

तपास अधिकारी म्हणतात, पुरावा म्हणून नको, पण दिशा तर मिळते. माझा सर्वांत मोठा आक्षेप याच दिशेवर आहे. चाचणीसाठी न्यायालयाची परवानगी, प्रयोगशाळेची तारीख, नागपूर-मुंबईच्या खेपा यांत आठवडे जातात. तेवढ्या काळात खरा पुरावा मरतो. बसस्थानकावरच्या, जिनिंगच्या फाटकावरच्या आणि पेट्रोलपंपावरच्या कॅमेऱ्यांचे रेकॉर्डर डिस्क भरली की जुने चित्रण पुसून नवे चढवतात. बऱ्याच ठिकाणी पंधरा दिवस ते महिनाभरात सगळे संपते. रक्ताचे कपडे ओलेच प्लास्टिकच्या पिशवीत बांधले तर बुरशी येऊन डीएनए नासतो. ते सावलीत वाळवून, प्रत्येक कपडा वेगळ्या कागदी पाकिटात सील करायचा असतो. विषाच्या तपासणीसाठीचा व्हिसेरा (मृताच्या आतल्या अवयवांचे नमुने) मिठाच्या संपृक्त द्रावणात हवा, चुकून फॉर्मेलिनमध्ये पडला तर विष ओळखणे कठीण होते. शेताच्या बांधावरची पावलाची खूण पहिल्या पावसात जाते, त्याआधी प्लास्टर ऑफ पॅरिसचा ठसा घ्यायला अर्धा तास पुरतो. या गोष्टी कंटाळवाण्या आहेत, त्यांची बातमी होत नाही, पण शिक्षा यांच्यावरच टिकते.

नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६(३) प्रमाणे सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायसहायक पथकाने घटनास्थळी गेले पाहिजे. ही तरतूद राज्यांनी पाच वर्षांत लागू करायची आहे. कलम १०५ नुसार झडती आणि जप्तीचे चित्रीकरण करायचे आहे. भामरागड किंवा धारणीला असे पथक दोन तासांत पोहोचेल अशी व्यवस्था करायला खर्च येतो. पॉलिग्राफवर जाणारा पैसा, मनुष्यबळ आणि वेळ तिकडे वळवावा, ही मागणी ग्रामसभांनी आणि लोकप्रतिनिधींनी मोर्चात केली पाहिजे. आज मोर्चाच पॉलिग्राफ मागतो.

हे बदलेपर्यंत काही गोष्टी ताबडतोब करता येतात. ठाण्यातून ‘चाचणीला चल’ असा निरोप आला तर लेखी नोटीस मागावी. साक्षीदार म्हणून बोलावले असेल तर स्त्रीला आणि साठ वर्षांवरील पुरुषाला याच संहितेच्या कलम १७९ प्रमाणे घराबाहेर ठाण्यात नेता येत नाही. कोणताही फॉर्म वकिलाशिवाय सही-अंगठ्याला घेऊ नये. ताब्यातली व्यक्ती, स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीचे लोक यांना उत्पन्न कितीही असले तरी विधी सेवा प्राधिकरणाचा वकील मोफत मिळतो. त्यासाठी १५१०० हा क्रमांक आहे, आणि तालुका न्यायालयातही अर्ज देता येतो. वकिलाने संमतीच्या वेळी माणसाची औषधे, आजार, फवारणीचे दिवस, शेवटचे जेवण आणि झोप नोंदवून घ्यावी.

न्यायदंडाधिकाऱ्यांकडून अपेक्षा याहून जास्त आहे. पोलिसांना बाहेर पाठवून त्यांनी त्या माणसाला त्याच्या भाषेत विचारावे : काल रात्री तू कुठे झोपलास, तुला किती दिवसांपासून बोलावत आहेत, चाचणीबद्दल तुझ्याशी पहिल्यांदा कोण बोलले, तू कुणाच्या शेतावर काम करतोस आणि फिर्यादी कोण आहे, नाही म्हटलेस तर काय होईल असे तुला वाटते. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘मारतील’, ‘काम जाईल’ किंवा ‘गाव राहू देणार नाही’ असे आले तर संमती नोंदवू नये. चाचणी झालीच, तर आधीच्या तासाभराच्या बोलण्यासह सगळ्याचे चित्रीकरण, तिन्ही फेऱ्यांचे मूळ आलेख आणि गुणांचा तक्ता बचाव पक्षाला मिळावा. ‘अनिर्णित’ आलेला निकाल ‘संशयास्पद’ असे लिहून पुढे पाठवू नये. निकाल पत्रकारांना सांगणाऱ्या अधिकाऱ्यावर कारवाई व्हावी. आणि उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने गोंडी, माडिया, कोरकू, कोलामी आणि मराठी या भाषांत संमतीपत्राचा एकच मजकूर ठरवून द्यावा, ज्याच्या पहिल्या ओळीत ठळक अक्षरांत लिहिलेले असेल की ही चाचणी नाकारता येते आणि नाकारली म्हणून तुमच्याविरुद्ध काहीही करता येत नाही.